नाकाच्या दांडीवरची फट

संध्याकाळी दिवेलागणीला सुताराच्या कारखान्यात डोकावलं की ओळखीची माणसंही क्षणभर ओळखू येत नाहीत. भुवया पांढऱ्या, पापण्यांवर पिठी, मिशी गिरणीतून आल्यासारखी. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला तक्ता, कापलेला असेल तर ही पिठी फिकट पिवळी, सागवान घासलं असेल तर सोनेरी, शिसव असेल तर जांभळट तपकिरी. मास्क नसतो असं नाही. असतो. गळ्यात लोंबत असतो, हनुवटीखाली सरकलेला असतो, नाहीतर रंध्याशेजारी भुशात उपडा पडलेला असतो. "ओ मिस्त्री, मास्क का काढलासा?" असं विचारलं की बेळगाव जिल्ह्यात खानापुरापासून चिकोडीपर्यंत उत्तर एकच येतं: "गुदमरतंय ओ. चष्म्यावर वाफ धरतीया. रेघ दिसाय पायजे की."

हे उत्तर निष्काळजीपणाचं म्हणून उडवून लावायची आपल्याकडं पद्धत आहे. पण ते खरं आहे. पेन्सिलीची रेघ दिसली नाही तर बोट पात्याकडं जातं, आणि श्वास कोंडला की हात आपसूक मास्ककडं जातो. म्हणून तोंडावरची साधनं घेताना सोय आधी बघावी, आकडे मागाहून. जे तोंडावर टिकत नाही त्याच्या पाकिटावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, त्याचा उपयोग नाही.

हिशेबच मांडून बघू. आठ तासांत कारखान्याच्या हवेतून शंभर भाग धूळ नाकाशी येते असं धरा. नीट बसलेल्या एका भारी मास्कच्या आत बाहेरच्या धुळीचा विसावा हिस्सा जातो, आणि मध्यम मास्कच्या आत दहावा. भारी मास्क निम्मा दिवसच लावला तर उघड्या चार तासांत ५० भाग आणि मास्कच्या चार तासांत अडीच, म्हणजे साडेबावन्न भाग धूळ आत गेली. मध्यम मास्क आठही तास लावला तर फक्त १० भाग. तोच मध्यम मास्क चहा, फोन, तंबाखू यांच्यापायी तासभर खाली उतरला तर १० चे २१ होतात. एका तासानं दुप्पट! मास्क घेताना दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा की हा दिवसभर तोंडावर राहील का. बाकी चौकशी त्याच्यानंतर.

तोंडावर येतं तरी काय काय? एक म्हणजे उडणारा तुकडा: ढलपी, गाठीचा तुटका भाग, पात्याचा दात, खिळ्याचं डोकं. दुसरी धूळ. तिसरी वाफ, म्हणजे थिनर आणि पॉलिशचा वास. तिन्हींना अडवायची साधनं वेगवेगळी आहेत. बरीचशी फसगत एकाचं काम दुसऱ्यावर टाकल्यानं होते. तोंडापुढची पारदर्शक शील्ड लावली म्हणून धूळ थांबत नाही, ती खालून आणि बाजूनं निवांत आत येते. धुळीचा मास्क लावला म्हणून थिनर थांबत नाही.

धुळीचं आधी बोलू, कारण तुकडा लागला की लगेच कळतं आणि धुळीचं कळायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्या-फर्निचरच्या गावात कारागिरांना नाकाच्या आतल्या भागाचा एक एरवी विरळा कर्करोग होतोय, हे तिथल्या डॉक्टरांच्या १९६० च्या दशकातच लक्षात आलं होतं. ही टणक लाकडाची धूळ होती. आपल्याकडं खानापूर, लोंढा, दांडेलीच्या बाजूनं येणारं सागवान, शिसव, ऐन, म्हणजे कानडीत ज्याला मत्ती म्हणतात ते, सगळं टणकच. त्यातही सागवान आणि शिसव यांच्या अंगातली द्रव्यं काहींच्या कातडीला सोसत नाहीत. मनगट, मान, पापण्या लाल होऊन खाजतात. पहिल्या वर्षी काही होत नाही, पाचव्या वर्षी अचानक सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की चिमूटभर धुळीनंही उठतं. एमडीएफमध्ये लाकडाच्या तंतूंबरोबर फॉर्माल्डिहाइडचं राळ असतं, आणि कापताना त्याची जी भुकटी होते ती मैद्यासारखी बारीक असते.

बारीक असणं हेच धुळीचं खरं दुखणं. रंध्याचे छिलके पायात येतात, नाकात जात नाहीत. करवतीचा भरड भुसा नाकाच्या केसांत अडकतो, शिंकरला की निघतो. पण सँडर, म्हणजे पेपर मारायच्या यंत्राखालची पुष्कळशी धूळ १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली असते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. पाच मायक्रॉनचा कण स्थिर हवेत नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा-पाऊण तास घेतो. सँडर बंद केला, हुश्श करून मास्क खाली ओढला आणि चहा तिथंच प्यायला, ही म्हणून सगळ्यात वाईट दहा मिनिटं. डोळ्यांना हवा स्वच्छ दिसते. दुपारचं तिरकं ऊन पत्र्याच्या भोकातून आत आलं की त्या पट्ट्यात काय तरंगतंय ते एकदा निरखून बघा. मास्क काढायचा तो बाहेर येऊन, अंगणात. आणि कपडे झटकायला कंप्रेसरची हवा मारायची नाही. ती दिवसभराची बसलेली धूळ परत नाकाच्या उंचीवर आणून ठेवते.

तोंडाला फडकं बांधायची चाल आपल्या भागात जुनी आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत बायका पदर बांधून बसतात, सुतार पंचा गुंडाळतो. न बांधण्यापेक्षा बरं, एवढंच. पंच्याच्या दोन धाग्यांमधली जागा धुळीच्या कणाच्या कितीतरी पट मोठी असते, आणि दुहेरी-तिहेरी केला तर श्वास कापडातून न येता कडेनं येतो. जिथून वाट सोपी तिथून हवा येणार. मास्कच्या बाबतीत शेवटपर्यंत लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे.

चांगल्या मास्कचं कापड धूळ चाळणीसारखी गाळत नाही. त्याच्या मधल्या थरात वितळलेल्या प्लॅस्टिकचे अतिबारीक तंतू असतात आणि त्यांच्यावर कायमचा विद्युतभार ठेवलेला असतो. लोकरीवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू धूळ ओढून घेतात. म्हणून तंतू विरळ ठेवता येतात आणि श्वास सोपा जातो. हा मास्क साबणानं धुतला, सॅनिटायझरनं पुसला की भार जातो आणि मागं नुसतं फडकं उरतं. दिसायला स्वच्छ होतो, म्हणून जास्त फसवतो.

पाकिटावर काय वाचायचं? आपल्या भारतीय मानकाचा क्रमांक आयएस ९४७३. त्यात एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असे वर्ग आहेत. युरोपी मानकात याच वर्गांचं कापड अनुक्रमे किमान ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवतं. अमेरिकी एन९५ हा साधारण एफएफपी२ च्या जोडीचा. हाती करवत, रंधा, भरड पेपर एवढंच असेल तर एफएफपी२ पुरे. सँडर, खाचा पाडायचा राऊटर किंवा एमडीएफ असेल तर एफएफपी३ घ्यावा, ब्रिटनमध्येही लाकडाच्या धुळीसाठी तोच सांगतात. एफएफपी१ लाकूडकामाला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपी शिक्का असलेल्या मास्कवर पुढं 'डी' अक्षर दिसलं तर चांगलं. तो मास्क धुळीनं तुंबण्याच्या चाचणीत टिकलेला असतो, म्हणजे दुपारनंतर श्वास जड होत नाही. 'एनआर' म्हणजे एका पाळीपुरता.

कोरोनानंतर कानात अडकवायच्या पट्ट्यांचे, वर एन९५ छापलेले मास्क ढिगानं आले. ते सुतारकामाला नकोत. कानाच्या पट्टीत मास्क गालावर दाबून धरण्याइतका ताण येतच नाही, आणि ताण वाढवला तर कान दुखून तासाभरात मास्क उतरतो. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा घ्यायचा: एक टाळूच्या मागच्या उतारावर, दुसरी कानांखालून मानेवर. गांधी टोपी किंवा कॅप घालणाऱ्यानं आधी मास्क लावावा आणि मग टोपी. टोपीवरून घेतलेली पट्टी घामानं वर सरकत जाते आणि मास्क हनुवटीकडून उचलला जातो.

आता ती नाकाची पट्टी. मास्कच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची बोटभर लांब पट्टी असते. दहातले नऊ जण ती एका हाताच्या चिमटीत धरून दाबतात. चिमटीनं पट्टीला मधोमध टोकदार कोन येतो, आणि नाकाची दांडी तर गोलसर असते. दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या कोपऱ्यांशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन फटी राहतात. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मधोमध ठेवून, नाकाच्या उतारावरून गालांपर्यंत दाबत न्यायची. दाबत, चिमटत नव्हे. मग व्हॉल्व्ह, म्हणजे श्वास सोडायची झडप, असेल तर मास्क तळव्यांनी झाकून जोरात श्वास आत ओढायचा. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. व्हॉल्व्ह नसेल तर जोरात सोडून बघायचा. डोळ्यांना गार वारा लागला तर नाकाशी फट आहे, कानाकडं लागला तर पट्टी सैल आहे. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि संध्याकाळी मास्क टाकून देण्याआधी उलटा करून उजेडात धरा. नीट बसला असेल तर आतली बाजू पांढरीच राहते. फट असेल तर नाकाच्या एका बाजूनं तपकिरी रेघ उतरलेली दिसते, पावसाळ्यात भिंतीवर ओल उतरावी तशी. शिसवाचं काम असेल तर ही रेघ इतकी स्पष्ट दिसते की शंकाच नको. आपली फट कुठं आहे हे सांगणारं याच्याइतकं स्वस्त उपकरण दुसरं नाही. रेघ दोन-तीन दिवस एकाच जागी आली तर चूक आपल्या हाताची नसते. तो मास्क आपल्या चेहऱ्याचा नसतो. कुणाला घडीचा मास्क बरा बसतो, कुणाला वाटीसारखा. दोन-तीन आकारांचे एकेक नग आणून बघावेत आणि बसेल त्याचंच खोकं घ्यावं.

दाढीवाल्यांना हे वाचून वाईट वाटेल, पण कोणताही घट्ट बसणारा मास्क दाढीवर बसत नाही. दोन दिवसांची खुंटंसुद्धा पुरतात. हवा केसांच्या मुळांमधून सरळ आत येते. मिशीचं तसं नाही. मास्कच्या आत मावत असेल आणि कडेखाली येत नसेल, तर झुपकेदार मिशीही चालते. घाम टिपायला मास्कखाली रुमाल ठेवतात तोही काढावा, त्याच्या सुरकुत्यांतून तीच गळती होते. घामानं मास्क ओला झाला की दुसरा घ्यावा. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर नवा मास्क ही चैन समजू नये. राहता राहिली तंबाखूची चिमूट. दर पंधरा मिनिटांनी थुंकायला उठणाऱ्याचा मास्क पंधरा मिनिटांच्या वर टिकणार नाही, आणि वर केलेला हिशेब त्यालाच सगळ्यात जास्त लागू होतो. पेपर मारायचं काम सलग अर्ध्या तासाच्या टप्प्यांत लावून घेतलं आणि चिमूट-चहा टप्प्यांच्या मध्ये, बाहेर ठेवला, की जमतं.

व्हॉल्व्हवर थोडे पैसे जास्त जातात, ते घालावेत. सोडलेला गरम ओला श्वास खालच्या झडपेतून निघून जातो, गाल भिजत नाहीत आणि चष्म्यावर वाफ कमी धरते. बेळगावची हवा वाफेच्या बाबतीत दोनदा छळते. जुलै-ऑगस्टात, गणपतीच्या मखरांची आणि दारांची घाई असते तेव्हा हवेतच इतकी ओल असते की वाफ सुकत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी काच गार असते, त्यामुळं पहिल्याच श्वासाला धुकं. मुळात वाफ येते ती नाकाच्या दांडीवरच्या त्या फटीतून. म्हणजे चष्मा धुरकटतो तेव्हा तो मास्कचीच तक्रार सांगत असतो. मास्क आधी, चष्मा नंतर, आणि चष्म्याची नाकावरची टेक मास्कच्या कडेवर बसू द्यायची. तरी वाफ आली तर भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटानं काचेवर दोन्हीकडं पसरून मऊ सुती कापडानं कोरडा पुसावा. साबणाचा पातळ थर उरतो, पाण्याचे थेंब न धरता पसरतात, आणि दोन-तीन तास धकतं. थंडीत चष्मा कामाला लागण्याआधी पाच मिनिटं सदऱ्याच्या खिशात ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

चाळिशी लागलेल्या कारागिराची अडचण वेगळी. घरचा वाचायचा चष्मा हा संरक्षणाचा चष्मा नव्हे. त्याच्या काचेवर तुकडा बसला तर काचच तुकडा होते, आणि बाजू तर उघड्याच असतात. त्यावर तीन वाटा आहेत. चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल मिळतो, पण दोन काचांमध्ये वाफ धरते. खालच्या भागात जवळचा नंबर असलेले तयार सुरक्षा चष्मे मिळतात, दीड, दोन, अडीच अशा नंबरांत, आणि रेघ बघून कापणाऱ्याला माझ्या मते तेच सगळ्यात सुखाचे. तिसरी वाट डोळ्यांच्या दुकानात नंबर देऊन पॉलिकार्बोनेटच्या काचा आणि बाजूंना झापडं बसवून घ्यायची. एकदाच खर्च होतो, वर्षानुवर्षं चालतं.

आता उडणारा तुकडा. बारा इंची पातं मिनिटाला २८०० फेरे घेतं तेव्हा त्याच्या दाताचा वेग सेकंदाला साधारण ४५ मीटर असतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण ईएन १६६ या आधीच्या युरोपी मानकात चष्म्यावर जे 'एफ' अक्षर असतं ते नेमकं याच वेगाचं: सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरनं मारली तरी काच टिकली. 'बी' म्हणजे १२० मीटर, 'ए' म्हणजे १९०. काड्यांच्या चष्म्याला 'एफ'च्या पुढं जाता येत नाही, 'बी' गॉगलला मिळतो आणि 'ए' फक्त पूर्ण शील्डला. अमेरिकी शिक्क्यात 'झेड८७' च्या पुढं अधिकचं चिन्ह बघावं, जोराच्या माराची चाचणी त्यात असते.

साइटवर फरशीच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावून काम ओढतात, तिथं हिशेब बदलतो. ११० मिलिमीटरचं पातं, मिनिटाला १३,००० फेरे: दाताचा वेग सेकंदाला ७५ मीटर, ताशी २७० किलोमीटर. जुन्या घराच्या मोडलेल्या तुळईत खिळा लागला आणि पात्याचा दात सुटला, तर तो या वेगानं निघतो. 'एफ'च्या चष्म्याची चाचणी तिथवर झालेलीच नसते. या यंत्राला मुळात लाकडाचं पातं लावू नये. लावलंच जात असेल तर निदान 'बी'चा गॉगल हवा.

लेथची, म्हणजे लाकूड फिरवून गोल घडवायच्या यंत्राची, गोष्ट याहून वेगळी, आणि तिथं शील्डवर भलता भरवसा ठेवला जातो. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी यांत तुकडे लहान उडतात, शील्ड ते पेलते. पण बारा इंची परातीसारखं रुंद काम मिनिटाला १००० फेऱ्यांवर फिरवलं की काठाचा वेग सेकंदाला १६ मीटर होतो. वेग कमीच वाटतो. पण लाकडात आतून चीर असेल आणि काठाचा अर्धा किलोचा तुकडा सुटला, तर त्याच्यात सुमारे ६४ ज्यूल ऊर्जा असते. 'ए' शिक्क्याच्या चाचणीतली गोळी एक ग्रॅमही भरत नाही, तिची ऊर्जा साधारण १५ ज्यूल. चौपटीहून जास्त माराची हमी त्या शील्डला कुणी दिलेलीच नाही. म्हणून लेथ सुरू करताना फिरणाऱ्या कामाच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं सगळ्यात कमी वेगावर चालवायचं. चीर दिसली, गाठ हलली, तर ते लाकूड चुलीत. शील्डखाली चष्मा राहू द्यायचा, कारण माप बघायला शील्ड वर करायची सवय असते आणि लेथ तेव्हा फिरतच असतो.

शील्ड सोयीची आहे की नाही हे वजनापेक्षा तोलावर ठरतं. पुढं जड झाली की मान आखडते. डोक्याचा पट्टा मागच्या चक्रीनं आवळता येणारा आणि वरूनही आधार देणारा असावा. कपाळाची पट्टी काढून धुता येणारी हवी. घामानं ती महिन्याभरात आंबते आणि मग कुणी तिला हात लावत नाही. कोरोनाच्या काळातल्या कागदासारख्या पातळ शील्ड कारखान्यात पडून असतात, त्या थुंकीचे तुषार अडवायला केलेल्या. लाकडाच्या तुकड्यापुढं त्या नसल्यासारख्याच.

डोळ्यात काही गेलंच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार धरायची. रुतलेलं कुसळ घरी काढायचं नाही. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातल्या लोकांना उसाचं पान डोळ्याला लागल्यावर फूल पडतं ते माहीत असतं. लाकडाच्या कुसळाचंही तसंच, जखमेत बुरशी धरते. औषधाच्या दुकानातून मनानं घेतलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर ती आणखी फोफावते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं.

पॉलिशच्या वाफेसाठी रबराचा अर्धा मास्क लागतो, दोन्ही गालांवर फिरकीनं बसणाऱ्या डब्या असलेला. सेंद्रिय वाफेच्या डबीवर युरोपी पद्धतीत तपकिरी पट्टा असतो, धुळीच्या गाळणीवर पांढरा. दोन्ही एकत्र असलेली डबी घेतली की पेपर आणि पॉलिश दोन्ही भागतं. सुरुवातीला हा मास्क महाग वाटतो, पण रोज सँडर चालवणाऱ्याला वर्षाच्या हिशेबात तोच स्वस्त पडतो, आणि मऊ सिलिकॉनची कड गालावर वळ उठवत नाही. लहान, मध्यम, मोठा अशा मापांत मिळतो, ते माप बघूनच घ्यावं. थिनरचा वास आत यायला लागला की डबी संपली. वापरात नसताना डबी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, उघडी टांगली तर ती खोलीतली हवाच पीत बसते आणि न वापरताच संपते. दोन द्रव एकत्र मिसळून वापरायच्या पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशच्या, बाबतीत मात्र वासावर विसंबू नये. त्याच्या हार्डनरमधलं द्रव्य वास देण्याआधीच छातीला धरतं. ते फवारायचं काम ज्याच्याकडं हवा खेचणारी फवारणीची खोली आहे त्याच्याकडंच द्यावं.

दाढी ठेवायचीच असेल, किंवा दम्यानं मास्क ओढवत नसेल, तर बॅटरीवरच्या पंख्यानं गाळलेली हवा तोंडावर सोडणारं शिरस्त्राण हा उपाय आहे. सैल बसतं, वाफ धरत नाही, तोंडावर गार वारा राहतो. किंमत पाच आकड्यांत आणि वजन किलोभर. रोज लेथवर बसणाऱ्यानं तिघा-चौघांत मिळून एक घ्यायचा विचार करायला हरकत नाही.

उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, त्यामुळं ही सगळी साधनं बेळगावात हातात घेऊन बघता येतात. तिथं गेल्यावर एकेक वस्तू सुटी न बघता मास्क, चष्मा आणि कानाचं साधन एकदमच घालून बघावं. मास्कची कड चष्म्याला वर ढकलते का? चष्म्याच्या काड्या कानाच्या मोठ्या कपाखाली फट पाडतात का? पाडत असतील तर कप सोडून कानात घालायचे फोमचे बोळे घ्यावेत. हे सगळं घालून खाली वाकावं, जमिनीवरची रेघ बघितल्यासारखं. दहा वेळा बोलावं, मान डावी-उजवी फिरवावी. गोकाकची खेळणी करणारे मांडी घालून, काम मांडीशी घेऊन बसतात. त्यांचं नाक कामापासून वीतभर अंतरावर असतं, त्यांनी बसूनच बघावं. उभ्यानं नीट बसलेला मास्क वाकल्यावर हनुवटीला सुटतो, आणि ते दुकानातच कळलेलं बरं.

निगा राखताना एक चूक सगळीकडं होते. शील्डवर पॉलिशचा थेंब उडाला की फडक्याला थिनर लावून पुसतात. पॉलिकार्बोनेटला थिनर सोसत नाही. आधी काच दुधी होते, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, आणि पुढचा मार ती काच पेलत नाही. अशी काच त्याच दिवशी बदलावी. कोरड्या सदऱ्यानं पुसणंही वाईट. सागवानात वाळूचा अंश असतो, तो काचेवर ओरखडे काढतो. आधी पाण्याखाली धरावं, मग साबणाचं बोट फिरवावं, मग टिपावं. मास्क ठेवायला झाकणाचा स्टीलचा डबा, लाडवांचा असतो तसा, करवतीच्या बटणाशेजारी फळीवर ठेवावा. पट्टीवर पेनानं तारीख आणि नावाचं आद्याक्षर घालावं, म्हणजे कालचा कुठला आणि आपला कुठला ते कळतं.